अचलपुरात जेवायचं तर घड्याळ पाहून

पोरी,

तुझी बदली अचलपूरला झाली आणि तुझ्या आईला पहिली काळजी पडली ती तुझ्या जेवणाची. तिला सांग, इमादशाहीपासून निजामाच्या नवाबांपर्यंत सगळ्यांची पोटं ज्या गावानं भरली, तिथं तिची लेक उपाशी राहणार नाही. मात्र मोबाइलवर तारे मोजून हॉटेल निवडायची तुझी पुण्याची सवय इथं कामाची नाही. इथलं चांगलं खाणं पाटीवर लिहिलेलं नसतं. ते ठरल्या वेळी, ठरल्या जागी येतं आणि संपतं. साडेदहाला जाऊन पोहे मागशील तर कढई घासणारा पोरगा तुझ्याकडे बघून हसेल. घड्याळ आणि पंचांग जवळ ठेव, बाकीचं मी सांगतो.

आधी गाव समजून घे. ही दोन गावं आहेत. अचलपूर जुनं, वेशी-दरवाज्यांचं, पुऱ्यापुऱ्यांत विभागलेलं. परतवाडा म्हणजे इंग्रजांची छावणी. म्हातारे लोक अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात. फत्तेउल्ला इमादशहानं 1490 मध्ये वऱ्हाडची वेगळी गादी मांडली ती इथं, तेव्हाच्या एलिचपूरला. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली. पुढं इंग्रजी अमलात एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता, तोही 1905 मध्ये अमरावतीत विरघळला. जिल्ह्याची कचेरी गेली की कोर्टकामाला येणारी गर्दी जाते, आणि गर्दी गेली की खानावळी जातात. म्हणून आज टेबल-खुर्चीची हॉटेलं शोधायची तर परतवाड्यात. जुन्या गावात शोधायची ती शेगडी आणि तिच्याभोवती उभी असलेली माणसं.

तुझा दादा क्राकूवला शिकत होता तेव्हा त्यानंही असंच सांगितलं होतं. पोलंडची ती जुनी राजधानी. राजानं दरबार वॉर्साला हलवला तो सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर. मोठ्या चौकातली हॉटेलं पाहुण्यांच्या खिशावर डोळा ठेवून मांडलेली. गावची माणसं जेवतात ती साध्या, स्वस्त खाणावळींत, ज्यांना तिथं ‘दूध-बार’ म्हणतात, नाहीतर काझिमेश भागातल्या गोल बाजारघराच्या खिडक्यांपुढं रांग लावून, हातभर लांब पावावर भाजलेली अळिंबी आणि चीज खात. राजधानी गेलेल्या गावांत खाणं बहुधा असंच आडबाजूला टिकतं.

सकाळ परतवाड्यात काढ. जयस्तंभ चौक आणि गुजरी बाजार यांच्या आसपास सात वाजल्यापासून पोह्यांच्या कढया लागतात. कुठली गाडी चांगली, हे मी सांगणार नाही, कारण आज चांगला असलेला माणूस उद्या पोराच्या हाती गाडी देतो. तू एवढंच बघ: झाकण काढल्यावर वाफ येते का, आणि हमाल, एसटीचे ड्रायव्हर, भाजीवाल्या बाया तिथं उभ्या आहेत का. ही माणसं रोज खातात, त्यांना एकदाच फसवता येतं. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, बारीक शेव, कांदा आणि वरून सांभार पडेल. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, इडलीबरोबरचं पातळ नव्हे, हे विदर्भाबाहेर वाढलेल्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगितलं. पहिले काही दिवस ‘तर्री बाजूले द्या जी’ म्हण. त्यात कमीपणा नाही. कढईतला माल नऊनंतर कोरडा पडतो, मग त्यावर पाणी शिंपडून तो पुन्हा विकला जातो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नको.

आलुबोंडा मात्र कुठल्याही वेळी निघतो, म्हणूनच तिथं डोळे उघडे ठेवायचे. गाडीपाशी उभी राहा आणि नवा घाणा सोडेपर्यंत थांब. बोंडे तेलात पडले की मोठे बुडबुडे येतात आणि फुटतात, ते ठीक. पण तेलावर बारीक, पिवळट फेस धरून राहिला, कढईच्या काठाला डिंकासारखा थर दिसला, आणि आच मोठी नसतानाही धूर येत असला, तर ते तेल परवाचं आहे. ‘चिल्लर नाही’ म्हणून सरळ पुढं चाल. चांगल्या ठिकाणी बोंडा फोडून त्यावर रस्सा घालून देतात आणि तळलेली मिरची न मागता ठेवतात. कच्चा चिवडाही असाच डोळ्यांसमोर कालवून घे, कांदा आधी चिरून ठेवलेला नको. गिला वडा मात्र अमरावतीला जाशील तेव्हा, संध्याकाळी खा. तो त्या शहराचा आहे आणि तिथंच बरा लागतो.

एकटी बाईमाणूस म्हणून तुला प्रत्येक हॉटेलात ‘फॅमिली रूम’कडे बोट दाखवतील. पडदा लावलेली, पंखा नसलेली, फिनाइलच्या वासाची खोली ती. जाऊ नको. गल्ल्याजवळचं टेबल धर, मालकाला ‘काका’ म्हण आणि ‘आज ताजं काय आहे?’ असं मोठ्यानं विचार. चार लोकांदेखत तो शिळं सांगणार नाही. आणि कुठंही गेलीस तरी पनीर मागवू नको. पनीर सगळीकडे मिळतं, त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी यायची गरज नव्हती.

रोजच्या जेवणाला घरगुती डबा लाव. लावताना पहिल्या दिवसाचा डबा पाहून भुलायचं नाही, पहिला डबा सगळेच तूप लावून पाठवतात. भाव ठरवताना महिन्याचे पैसे आगाऊ देऊ नको, आठवड्याचे दे. भाजीपेक्षा पोळीकडे बघ. दुपारी दोनला डबा उघडल्यावर पोळी मऊ असेल तर त्या घरी कणीक मन लावून मळतात. बाई अस्सल वऱ्हाडी असेल तर तिला पोळी-भाजीत अडकवू नको. उकडपेंडी, वरणफळं, डाळभाजी, हिवाळ्यात भाकर आणि वांग्याचं भरीत, हे तिच्याकडून मागून घे. तिलाही रोज बटाटा करायचा कंटाळा आलेला असतो.

आता मटणाचं. तू खातेस हे तुझ्या आजीला माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही.

जुन्या अचलपुरात देवडी, चावलमंडी, दुल्हा गेट या बाजूला दिवस कलल्यावर कोळशाच्या शेगड्या पेटतात. दुल्हा रहमान शहाचा दर्गा याच गावातला. हा गाझी लग्नाच्या पोशाखातच लढाईला निघाला आणि इथं पडला, असं सांगतात. दरवाज्याला नाव त्याचंच. कबाबाच्या शिगा उलटताना बघ: चरबी निखाऱ्यावर पडून चर्र झालं पाहिजे आणि मांस शिगेला घट्ट धरून राहिलं पाहिजे. शिगेवरून सुटून पडणारा कबाब घेऊ नको. रमजानच्या महिन्यात जायचं तर रोजा सुटल्यावर तासाभरानं जा. आधी गेलीस तर दिवसभर उपाशी असलेल्या माणसांच्या रांगेत तू मध्ये येशील, ते बरं दिसत नाही. आणि गावात बंदोबस्त लागल्याची कुणकुण असली तर त्या दिवशी घरीच खिचडी टाक. 2022 च्या एप्रिलमध्ये त्याच दरवाज्यावरच्या झेंड्यावरून दगडफेक झाली आणि संचारबंदी लागली. असल्या वेळी सगळ्यात आधी गाडे बंद होतात आणि सगळ्यात शेवटी उघडतात, आणि त्यात दोन्हीकडच्या पोरांचा धंदा बुडतो.

‘सावजी’ अशी पाटी दिसली की धावू नको. सावजी रस्सा नागपूरच्या हलबा कोष्ट्यांच्या घरातला. त्यांच्या हाताचा असेल तर काळ्या मसाल्याचा तिखटपणा घशाखाली हळूहळू चढतो. पाटीपुरता असेल तर नुसतं लाल तेल पहिल्याच घासाला टाळूला चटका देतं. पहिल्या घासातच डोळ्यांत पाणी आलं तर पैसे दे आणि ऊठ.

वऱ्हाडात खरं मटण खायचं तर बहिरमला. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चांदूर बाजार तालुक्यात, टेकडीवर बहिरमबुवा आहे. त्याला लोणी आणि शेंदूर वाहतात. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमाराला यात्रा भरते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. पूर्वी तमाशाच्या राहुट्यांसाठी लोक यायचे, तुझे आजोबा त्याविषयी घरी काही बोलायचे नाहीत. आता लोक येतात ते हंडीसाठी. मातीच्या हंडीत, चुलीवर, मोकळ्या रानात रटरटणारं मटण. मटण किलोवर घ्यायचं आणि राहुटीतल्या आचाऱ्याकडून शिजवून घ्यायचं, किंवा स्वतः चूल मांडायची. स्वतः मांडणं उत्तम, कारण त्यात सगळ्यांना काही ना काही काम लागतं आणि नातेवाइकांची भांडणं होत नाहीत.

हंडी घेताना बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघ. टणक, खणखणीत आवाज आला तर पक्की भाजलेली. बद्द वाजली तर तडा आहे. नवी हंडी तशीच चुलीवर चढवायची नसते. आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर ती तडकते आणि रस्सा चुलीत. आच मंद ठेवायची, खालून लाकूड, बाजूनं गोवऱ्या. पाणी गरम करूनच घालायचं, थंड पाणी पडलं की हंडीही धोक्यात आणि मटणही वातड. पळी लाकडाची असू दे आणि सारखी ढवळू नको. कांदा, आलं-लसूण, खोबरं, खसखस हे भाजून वाटलेलं असलं की तर्री आपोआप वर येते, त्यासाठी वरून तेल ओतणारा आचारी मला पसंत नाही. शिजलेलं ओळखायचं कसं? हाडाजवळचा तुकडा उचलायचा आणि मांस बोटानं ढकलून बघायचं. सुटलं तर उतरव, सुटून स्वतःच पडत असलं तर उशीर झाला. रविवारी जाऊ नको, गाड्या लावायला जागा नसते. आठवड्यात मधल्या वारी, सकाळी अकराच्या आत पोच. दुसऱ्याची वापरलेली हंडी धुऊन देतो म्हणणारा भेटला तर हात जोड, मातीत मुरलेली जुनी चरबी धुतल्यानं जात नाही.

आणि ज्या दिवशी मटण नको, त्या दिवशी रोडगे. याचं हॉटेल नसतं, आमंत्रण असतं. कुणाच्या शेतात, कुणाच्या नवसाला, देवळाच्या आवारात. ऑफिसातल्या शिपायानं ‘मॅडम, रोडग्याले या’ म्हटलं तर मीटिंग पुढं ढकल. जाड्या कणकेचे, आत पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, राख झटकतात, आणि पत्रावळीवर हातानं फोडतात. फोडताना आतले पदर सुटे झाले पाहिजेत. सगळा एकसंध ढेकळासारखा निघाला तर भाजणाऱ्यानं घाई केली. त्यावर वरण, तूप आणि वांग्याची तिखट भाजी. असंच माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, झुणका-भाकर आणि अंबाडीची भाजी मिळते. त्या दिवशी पैसे देऊन जेवणं म्हणजे मूर्खपणा. परक्याच्या पंगतीला बसायचा संकोच करू नको. इथून जवळच ऋद्धपूर आहे. म्हाइंभटांनी लिहिलेलं गोविंदप्रभूंचं चरित्र वाच, ते कुणाच्याही घरात शिरून जेवायचे. ते देवपुरुष, तू सरकारी नोकर, म्हणून तू आमंत्रणाची वाट बघ, एवढाच फरक.

पाहुणे आले की तू त्यांना चिखलदऱ्याला नेशीलच. तिथल्या गाविलगडावर खायला काही मिळेल अशा भरवशावर जाऊ नको, डबा आणि पाणी घेऊन चढ. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं हा किल्ला घेतला. त्याआधी अडगावच्या लढाईतल्या जखमींसाठी त्यानं एलिचपुरातच दवाखाना थाटला होता. हे पाहुण्यांना उतरताना सांग, चढताना कुणी ऐकत नाही. उतरून आल्यावर रबडी. मेळघाटातल्या गवळ्यांच्या म्हशींचं दूध आणि खवा इथं येतो, म्हणून रबडीला दम आहे. पसरट कढईत दूध आटताना वरची साय काडीनं काठाला लावतात आणि शेवटी ती खरवडून आटलेल्या दुधात सोडतात. साय पदरापदरानं दिसली पाहिजे. चमच्यावरून ती लापशीसारखी सलग ओघळली तर आरारूट आहे. कॉफीही पी, कॉफीचे मळे चिखलदऱ्याचेच.

मुक्तागिरीला गेलीस तर जेवण दिवस मावळायच्या आत आटप आणि कांदा-लसणाचं काही पिशवीत नेऊ नको. जैनांचं क्षेत्र आहे, बावन्न देवळांचं, तिथल्या भोजनशाळेतलं साधं जेवण चढउतारानंतर फार गोड लागतं.

संत्री आंबिया बहाराची दिवाळीनंतर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. मामी म्हणते मृगाचीच घ्यावी, मी तिच्याशी वाद घालत नाही. थंडीत कुणी हुरड्याला बोलावलं तर नाही म्हणू नको. पान खायचं तर अंजनगाव सुर्जीच्या मळ्यातलं माग. उसाचा रस बिनबर्फाचा, उन्हाळ्यात बर्फाच्या गोळ्याकडे बघूही नको.

राहिली पातोडीची भाजी. ती हॉटेलात कुठंच मागवू नको. बेसनाच्या वड्या दुपारपर्यंत रश्शात पडून राहिल्या की रस्सा पिऊन फुगतात आणि खाली नुसता मसाला उरतो. ती पहिल्या रविवारी आमच्याकडे होईल. मामी वड्या पान मांडल्यावरच सोडते, त्यामुळं बाराच्या आत ये. येताना गुजरीतून सांभाराची जुडी आण, मुळाकडची माती झटकून. आणि चिल्लर बरोबर ठेव, गुजरीतल्या बाया पाचशेची नोट बघितली की भाव वाढवतात.

तुझा मामा