पालकहो, विचारायला कचरू नका

सैनिक शाळेत येण्याआधी मी एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो. जूनमध्ये ट्रंका घेऊन पालक येत. जेवण, अंथरूण, अभ्यासाचे तास, सगळी चौकशी करून जात. एका वर्षी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त हवालदार मुलाला सोडायला आले. सगळे गेल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, राग मानू नका. रात्री पोरांच्या खोल्यांत कोण-कोण जाऊ शकतं?"

मी चटकन म्हणालो, "आमच्याकडे तसलं काही घडत नाही."

"घडतं असं मी कुठं म्हटलं? जाऊ कोण शकतं, तेवढंच विचारलं."

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी किल्ल्या मोजल्या. मागच्या दाराची एक किल्ली पाण्याची मोटर दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराच्या माणसाकडे होती. कोणत्याही वहीत त्याची नोंद नव्हती. सुदैवाने वाईट काही घडलेलं नव्हतं; पण ते माझ्या दक्षतेमुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. तेव्हापासून असा प्रश्न विचारणारा पालक मला संशयी वाटत नाही.

पालकांच्या मागे कायदाही उभा आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, म्हणजेच 'पोक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. "मुलग्यांना कसली भीती?" हा समज त्यामुळे सोडून द्यावा. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करावी, असं २०२० चे नियम सांगतात. शिक्षक, शिक्षकेतर, कायम, कंत्राटी असा भेद त्यात नाही.

शाळा, वसतिगृह, क्रीडा प्रबोधिनी, पोहण्याचा वर्ग किंवा सुट्टीतलं शिबिर, कुठेही मूल पाठवताना पुढचे प्रश्न विचारा.

१. पडताळणी कोणाकोणाची झाली आहे? शिक्षकांवर थांबू नका. मेसमधला मदतनीस, बसचालक, बाहेरून येणारा प्रशिक्षक यांचंही विचारा.

२. मोठं माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटं असण्याची वेळ कधी येते? जादा सराव, मालीश, आजारपणाची खोली, शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं, या त्या जागा. दार उघडं असतं का? दुसरं कोणी नजरेच्या टप्प्यात असतं का?

३. मुलाने सांगायचं कोणाला? एकच नाव पुरेसं नाही. त्रास त्याच व्यक्तीचा असेल तर? घरी एकांतात फोन करता येतो का, तेही विचारा.

४. वरच्या वर्गातल्या मुलांवर देखरेख कोणाची? त्रास देणारा नेहमी मोठा माणूसच असतो असं नाही. दिवे मालवल्यानंतरचा तास आणि न्हाणीघर, इथे विशेष लक्ष हवं.

५. तक्रार आली तर संस्था काय करते? "आधी आम्ही आतल्या आत चौकशी करतो" हे उत्तर चालणार नाही. असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शक्यता वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र त्यासाठी कारवाई होत नाही.

उत्तरांइतकंच उत्तर देणाऱ्याच्या वागण्याकडे लक्ष द्या. चांगली संस्था नोंदवही उघडून दाखवते, जे नाही ते नाही म्हणून सांगते. "आमच्यावर विश्वास नाही का?" असा उलट सवाल आला, तर तोच प्रश्न पुन्हा, शांतपणे विचारा.

शेवटची तपासणी घरी करायची. महिनाभराने मुलाला सहज विचारा, "तिथे काही नकोसं घडलं तर तू कोणाला सांगशील?" त्याने पटकन एक-दोन नावं घेतली, तर नियम मुलापर्यंत पोहोचला आहे. मूल गप्प राहिलं, तर भिंतीवर लावलेला फलक कितीही सुबक असो, त्याचा उपयोग झालेला नाही. आणि मूल काही सांगू लागलं तर मध्ये बोलू नका, रागावू नका, पुन्हापुन्हा वदवून घेऊ नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि पुढच्या पावलाला लागा.

छात्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. असं गुपित पोटात ठेवणं म्हणजे शौर्य नव्हे, आणि मित्रासाठी तोंड उघडणं म्हणजे चहाडी नव्हे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असते.

पहाऱ्यावरचा जवान अंधारात येणाऱ्या प्रत्येकाला "थम, कौन आता है?" असं विचारतो. येणारा स्वतः कमांडंट असला तरी तो थांबून उत्तर देतो आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. हवालदारसाहेबांनी त्या दिवशी मला तेच विचारलं होतं. या सत्रात मुलाला सोडायला याल, तेव्हा मलाही विचारा. किल्ल्यांची वही टेबलावरच असते.