चार मिनिटांनी थांबणारे चित्र

रायपूरच्या पंडरी भागात कापडाचा मोठा बाजार आहे. समजा, दूरच्या एका गिरणीला आपले रोजचे भावपत्रक या बाजारातील चाळीस दुकानांना कळवावयाचे आहे. ती चाळीस स्वतंत्र पत्रे टपालात टाकू शकेल. परंतु मग एकच मजकूर चाळीस वेळा एकाच रस्त्याने प्रवास करील. बाजाराच्या चौकात ध्वनिक्षेपक लावून भाव पुकारण्याचीही सोय आहे. परंतु तसे केल्यास ज्यांना त्या मालाशी कर्तव्य नाही त्यांचेही कान किटतील. तिसरा मार्ग अधिक शहाणपणाचा. एकच पत्र पंडरीपर्यंत यावे आणि तेथील कारकुनाने, ज्या दुकानदारांनी मागणी नोंदविली आहे त्यांच्यापुरत्याच प्रती करून वाटाव्यात.

संगणकांच्या जाळ्यात या तिसऱ्या मार्गाला मल्टिकास्ट, म्हणजेच समूहप्रेषण, असे म्हणतात. त्याची गरज हिशेबाने चटकन पटते. व्याख्यानाच्या चित्रप्रवाहाला प्रतिसेकंद ४ मेगाबिट लागतात असे धरले आणि तो २०० संगणकांना स्वतंत्रपणे पाठविला, तर पाठविणाऱ्या यंत्रावर ८०० मेगाबिटांचा भार पडतो. समूहप्रेषणात तो ४ मेगाबिटच राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी या पद्धतीची उभारणी केली आणि ऑगस्ट १९८९ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील अभियंत्यांच्या सभेतील भाषणे याच रीतीने वीस ठिकाणी ऐकविण्यात आली.

आता आपल्या कारकुनाकडे पुन्हा वळू. त्याच्याजवळ मागणीदारांची एक वही असते. दुकानदार कधी दुकान बंद करतात, कधी धंदा बदलतात, आणि तसे कळविण्याची तसदी सर्वच घेतात असे नाही. म्हणून एक माणूस ठराविक वेळाने बाजारातून फिरून विचारतो, "पत्रक अजून हवे ना?" कारकून ही उत्तरे ऐकतो आणि ज्यांचे उत्तर बराच काळ आले नाही त्यांची नावे खोडतो. जाळ्यात कारकुनाचे काम स्विच करतो. संगणक व राउटर यांच्यातील संभाषणाचा कानोसा घेऊन, कोणत्या तारेवर कोणत्या गटाचा सभासद आहे हे तो टिपून ठेवतो. विचारणा करण्याचे काम बहुधा राउटरचे. या प्रश्नोत्तरांच्या नियमांना आयजीएमपी हे नाव आहे.

वाचकाने येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वही ठेवणारा आणि प्रश्न विचारणारा हे दोघे वेगळे आहेत.

एखाद्या महाविद्यालयाच्या आवाराची कल्पना करा. मुख्य सभागृहातील व्याख्यान इतर वर्गांत दाखविले जात आहे. सुट्टीत जुना राउटर काढून नवा बसविला गेला. बाकी सर्व व्यवहार सुरळीत चालू आहेत. व्याख्यान सुरू होते, शेजारच्या वर्गात चित्र उत्तम दिसते आणि सुमारे चार मिनिटांनी ते गोठते. तंत्रज्ञ धावत येतो, संगणक बंद करून पुन्हा चालू करतो, चित्र परत येते, तो निघून जातो. आणि चार मिनिटांनी पुन्हा तेच. दूरच्या इमारतीत तर चित्र मुळीच उमटत नाही. मग कोणी तारेला दोष देतो, कोणी संगणकाला, कोणी व्याख्यात्याच्या यंत्राला. तारा बदलल्या जातात. त्या वर्गांतील विद्यार्थ्यांचा विषय मात्र मागे पडतो तो पडतोच.

या दोषाचे मर्म त्या चार मिनिटांत आहे. प्रचलित नियमांनुसार विचारणा दर १२५ सेकंदांनी होते आणि उत्तरासाठी १० सेकंदांपर्यंत मुदत असते. दोन विचारणांचा अवधी, म्हणजे २५० सेकंद, आणि वर ती १० सेकंदे, असे २६० सेकंद उत्तर आले नाही की सभासदत्व संपते. नव्या राउटरवर समूहप्रेषण चालू करावयाचे राहून गेले होते. त्यामुळे प्रश्न विचारणाराच उरला नव्हता. प्रश्न नाही म्हणून उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून स्विचने नाव खोडले. संगणक नव्याने सुरू होताना कोणी न विचारताही "मला हवे" असे सांगतो, म्हणून पुढची चार मिनिटे पुन्हा सुखाची जातात. माझ्या मते या क्षेत्रात 'बंद करून पुन्हा चालू करा' या उपायाइतका फसवा उपाय दुसरा नाही, कारण तो रोग तसाच ठेवून लक्षण तेवढे पुढे ढकलतो. काही बनावटींचे स्विच वेगळी मुदत पाळतात. म्हणून घड्याळ लावून दोनतीनदा वेळ मोजावी. प्रत्येक वेळी ती तेवढीच भरली, तर तारेवरचा संशय सोडून द्यावा. सैल तार इतकी वक्तशीर नसते.

पडताळा घेणे सोपे आहे. वर्गातील संगणकावर येणारी पॅकेटे तपासणारी एखादी आज्ञावली चालवावी आणि २२४.०.०.१ या पत्त्यावर विचारणा येते की नाही हे पाच मिनिटे पाहावे. येत नसेल तर राउटरवर किंवा मुख्य स्विचवर ते काम सुरू करावे. स्विचचे कानोसा घेणेच बंद करण्याचा सल्लाही कित्येकदा दिला जातो. तसे केल्याने चित्र येते खरे, पण मग प्रत्येक पॅकेट त्या जाळ्यातील प्रत्येक तारेवर जाते. आपण पुन्हा चौकातल्या ध्वनिक्षेपकाशी येऊन ठेपतो. बिनतारी जाळ्यावर याचा त्रास अधिक, कारण तेथे समूहाची पॅकेटे बहुधा सर्वांत मंद गतीने पाठविली जातात आणि तेवढा वेळ इतरांना ताटकळावे लागते.

विचारणा नियमित असूनही सर्वत्र पूर आला असेल, तर गटाचा पत्ता पाहावा. गटाची ओळख २८ बिटांची असते, परंतु तारेवरच्या पत्त्यात त्यांपैकी २३ बिटच उतरतात. त्यामुळे ३२ गट एकाच पत्त्याचे धनी होतात. २३९.१२८.०.१ हा पत्ता वरकरणी निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात तो तारेवर २२४.०.०.१ शी एकरूप होतो, आणि या दुसऱ्या पत्त्याची पॅकेटे सर्वांना पोचविणे स्विचला भागच असते. तेथे गटाचा पत्ता बदलणे एवढाच उपाय.

चित्र एकाच इमारतीत दिसते आणि राउटरपलीकडे कधीच जात नाही, असे असल्यास पाठविणाऱ्या यंत्रावरील पॅकेटचे आयुष्य तपासावे. समूहप्रेषणासाठी ते बहुधा १ असे ठरविलेले असते आणि पहिल्याच राउटरपाशी संपते. ते वाढवूनही भागले नाही, तर दोन इमारतींमध्ये दोन वाटा आहेत काय हे पाहावे. उगमाकडे परत जाण्याची जी वाट राउटरला ठाऊक असते, त्याच वाटेने आलेली समूहाची पॅकेटे तो स्वीकारतो. दुसऱ्या वाटेने आलेली तो कोणतीही तक्रार न करता टाकून देतो.