कुत्रा पाळताय? आधी रात्रीच्या पिंजऱ्याचा खर्च धरा

जुन्नर-आंबेगावात कुत्र्याचं पिल्लू विकत घ्यावं लागत नाही. कुठल्याही वस्तीवर पावसाळा सरता सरता चार-पाच पिल्लं हिंडताना दिसतात आणि मालक "एखादं घेऊन जा" असं स्वतःच म्हणतो. त्यामुळे खर्चाचा विचारच कुणी करत नाही. हल्ली त्यात डॉक्टरांच्या सल्ल्याची भर पडली आहे. साठीच्या पुढचा माणूस, रक्तदाब, साखर, मुलं मुंबईला नाहीतर चाकणला. "काका, एखादा कुत्रा पाळा, त्या निमित्ताने चालणं होईल," हे वाक्य आता नारायणगाव-मंचरच्या दवाखान्यांतही कानावर पडतं.

सल्ला बिनबुडाचा नाही. स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्या एकट्या माणसांपेक्षा ३३ टक्के कमी आढळला. पण मुळात चालती-फिरती, धडधाकट माणसंच कुत्रा पाळत असतील, हेही शक्य आहे. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली सावध भूमिका घेतली. कुत्रा पाळणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कमी दिसतो, पण केवळ त्यासाठी कुत्रा आणू नका, असं त्यांचं म्हणणं. खरा फायदा चालण्याचा आणि सोबतीचा. आठवड्याला १५० मिनिटं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास कुत्र्याला फिरवलं तर २१० होतात. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात राबणाऱ्याला याची गरज नाही. निवृत्त गुरुजी, दुकानदार आणि वाडीवर एकट्या राहणाऱ्या आजी यांना मात्र आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडची अडचण. पुण्यात कुत्रा फिरवायची वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. नेमकी तीच आपल्याकडे बिबट्याची. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला आणि शेळ्यांचा ११ टक्क्यांच्या आसपास. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही! कारण साधं आहे. शेळी विकली की पैसे येतात, म्हणून ती रात्री कोंडली जाते. कुत्रा फुकटचा, तो अंगणात साखळीला. कुकडीच्या कालव्यांनी आणि डिंभ्याच्या पाण्याने ऊस दारापर्यंत आला, उसाबरोबर बिबट्या आला, आणि त्याला दारातच बांधलेलं जेवण मिळतं. कुत्रा राखण करतो असं आपण म्हणतो. उघड्यावर बांधलेला कुत्रा बिबट्याला अंगणात बोलावतो. त्याच अंगणात लहान मुलं असतात.

म्हणून पहिला खर्च रात्रीच्या निवाऱ्याचा. कुत्र्याला रात्री घरात किंवा दाराच्या पडवीत घेत असाल तर हा खर्च शून्य, आणि माझं मत विचाराल तर हाच सर्वांत चांगला उपाय. नाहीतर सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच असा लोखंडी अँगल आणि वेल्ड जाळीचा पिंजरा करून घ्या. वर पत्रा हवाच. वजन साठ-सत्तर किलोच्या घरात जातं आणि मजुरीसकट साधारण ८ ते १० हजार रुपये लागतात. फॅब्रिकेशनवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: जाळीतून पंजा आत जाता कामा नये आणि कडी बाहेरून ढकलून उघडता कामा नये. पिंजरा उसाच्या कडेला नको, घराच्या भिंतीला लागून ठेवा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची पद्धत धनगरांकडे जुनीच आहे. बिबट्या गळाच धरतो, म्हणून उपयोग होतो. पण पट्टा घातला म्हणून कुत्रा बाहेर ठेवायचा, हा हिशेब चुकीचा. पट्टा, साखळी, भांडी मिळून हजारभर रुपये. फिरवायची वेळ सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत, आणि उसाच्या बांधाने नको, रस्त्याने.

खाण्याचा खर्च दिसतो त्याहून मोठा असतो. पंधरा-सोळा किलोच्या गावठी कुत्र्याला घरची भाकरी, दोन अंडी, थोडं दही आणि चिकनच्या दुकानातले पाय-मुंड्या शिजवून दिल्या तर महिन्याला १,००० ते १,५०० रुपये. तीस किलोच्या लॅब्राडोरला तयार खाद्य महिन्याला बारा किलो लागतं. २५० ते ३५० रुपये किलोने ३,००० ते ४,२०० रुपये झाले. आपल्या भागातल्या दोन पिकांपासून मात्र सांभाळा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाव घालतात आणि कांदा, शिजवलेलासुद्धा, रक्त बिघडवतो. उरलेली कांद्याची भाजी कुत्र्यापुढे टाकू नका. फवारणीच्या दिवशी त्याला द्राक्षबागेत सोडू नका.

लशींचं आता. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, नंतर दरवर्षी. खासगीत पहिल्या वर्षी २ ते ३ हजार धरा. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला अनेक ठिकाणी लस मोफत टोचतात. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी. ही टाळू नका, कारण कच्चं मटण-आतडी खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाला यकृतात पाण्याच्या गाठी करणारा जंत लागतो. गोठ्याजवळचा कुत्रा म्हणजे गोचीडही आलीच. जंत आणि गोचिडाचं औषध मिळून वर्षाला २ ते ३ हजार. मादी असेल तर नसबंदी ४ ते ६ हजार.

गावठी कुत्र्याचं पहिलं वर्ष, पिंजरा आणि नसबंदी धरून, २९ ते ४१ हजारांत जातं. पुढे वर्षाला १५ ते २२ हजार. सर्पदंश किंवा गोचीडताप झाला तर हा हिशेब बाजूलाच राहतो. लॅब्राडोर घ्यायचाच हट्ट असेल तर खरेदीचे १० ते २५ हजार वेगळे, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याची धाप तुम्हालाच बघवणार नाही.

घरच्या कुत्र्याचं नख लागलं, दात लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, नारायणगाव किंवा घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी जा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या सिरमबद्दलही विचारा. बिबट्या दिसला तर वनविभागाचा क्रमांक १९२६. गाय, म्हैस, शेळी बिबट्याने मारली तर वनविभाग भरपाई देतो. कुत्र्याच्या भरपाईची आशा धरू नका.

एकट्या माणसाने, चालण्यासाठी आणि सोबतीसाठी, गावठी कुत्रा जरूर पाळावा. पैसे वसूल आहेत. पण मळ्यात घर आहे, ऊस ओट्याला टेकलाय आणि रात्री कुत्र्याला आत घ्यायची घरच्यांची तयारी नाही, अशांनी तूर्त पाळू नये. त्यांनी सकाळी आठला शेजाऱ्याला हाक मारून त्याच्याबरोबर चालायला जावं. त्याला काहीच खर्च नाही.