बोली दाराबाहेर काढायला लावू नको

बाई, सोमवारी तू सौंसर तालुक्यातल्या शाळेत रुजू होशील. पहिली-दुसरीचा वर्ग मिळेल, नव्या बाईला बहुतेक तोच देतात. शिकवण्याच्या पद्धती तू प्रशिक्षणात शिकलीस. मी सांगते ते आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पोरांपुरतं आहे. ही पोरं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी पुस्तक उघडतात.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. हिंदीच्या धड्यात वाक्य होतं, ‘माँ आई.’ एका पोरानं बोट ठेवून ते नीट वाचलं. मी अर्थ विचारला. तो म्हणाला, ‘माँ म्हंजे आई.’ त्याला वाटलं, पुस्तकानं शब्द दिला आणि अर्थही शेजारीच लिहून ठेवला. मी ‘गलत’ म्हणून त्याला खाली बसवलं. संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन भाषा एकाच लिपीत समोर आल्यावर हुशार पोर दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या बाहेर गेले, पुन्हा आत आले आणि म्हटलं, ‘बाई आली. मैडम आई.’ मग त्याच्या बहिणीला बाहेर पाठवून आत बोलावलं. ‘बहीण आली. बहन आई.’ तिसऱ्या खेपेला तोच ओरडला, ‘आई म्हंजे आली!’ त्या दिवसापासून मी एक वही केली. दोन्हीकडे दिसायला सारखे आणि अर्थानं वेगळे असे शब्द त्यात लिहीत गेले.

तूही लिही. ‘पीठ सीधी करो’ म्हटलं की पोराला दळणाचा डबा आठवतो. ‘ऊन’ म्हटलं की अंगणातलं ऊन, लोकर नाही. एका मुलीला मी ‘बोतल खाली करो’ म्हटलं, तर तिनं भरलेली बाटली अलगद जमिनीवर ठेवली. तिनं माझं ऐकलंच होतं. ‘सही’ आपल्याकडे कागदाखाली करतात, हिंदीत बरोबर उत्तराला म्हणतात. आणि ‘शिक्षा’ हा शब्द तर पहिल्याच दिवशी समजावून सांग. शाळेत शिक्षा मिळते असं ऐकून कोणतं मराठी पोर आनंदानं येईल?

पण म्हणून प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगत बसू नको. ही चूक मी दोन वर्षं केली. मी हिंदी वाक्य म्हणायची, लगेच मराठीत सांगायची. पोरं हिंदीकडे कान देईनाशी झाली, कारण मागून मराठी येणार हे त्यांना ठाऊक होतं. सगळं समजत होतं, बोलता कोणालाच येत नव्हतं. आधी हिंदीतच बोल, हातानं दाखव, वस्तू पुढं धर, थोडं थांब. तरी चेहरे कोरे राहिले तरच मराठी काढ. गणितात हातचा पहिल्यांदा शिकवताना मात्र मराठीतच सांग. हातचा एकदा डोक्यात बसला की हिंदीत त्याला नवा शब्द तेवढा द्यावा लागतो, पुन्हा शिकवावा लागत नाही. कॅनडाच्या जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हाच विचार मांडला, की एका भाषेत कमावलेली समज दुसरीतही कामी येते. आणि पोर रडत असेल तेव्हा त्याच्याच भाषेत विचार, काय झालं रे.

आपल्या बोलीला गावठी म्हणणारे शाळेतही भेटतील. त्यांचं ऐकू नको, कारण हिंदीच्या जवळ जायला हीच बोली उपयोगी पडते. पुस्तकी मराठीत ‘तू काय करतो आहेस’, आपलं पोर म्हणतं ‘काय करून रायला’, हिंदीत ‘क्या कर रहा है’. ‘पाणी’ला ते आधीच ‘पानी’ म्हणतं. ‘पळस’ला ‘पयस’ म्हणेल. फळ्यावर तिन्ही एका ओळीत लिही, पयस, पळस, पलाश. मग काया, काळा, काला. चार शब्दांनंतर पोरं पुढचे स्वतः सांगू लागतात. पोळ्यानंतर जाम नदीवरच्या गोटमारीचं पोरांना काय काय सांगायचं असतं! नदीत रोवलेलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा, इकडे पांढुर्णा आणि तिकडे सावरगाव. आधी मराठीत मन भरून सांगू दे. नंतर त्यातलीच पाच वाक्यं हिंदीत करून घे. ज्याच्याकडे सांगायला काही आहे त्यालाच शब्द लागतात.

व्याकरणाच्या चुकाही घरच्या भाषेतूनच येतात, म्हणून त्या आधीच ओळखता येतात. पोर ‘मेरा आवाज’ म्हणेल, कारण आपल्याकडे तो आवाज असतो. ‘मैं रोटी खाई’ म्हणेल, कारण ‘मी भाकर खाल्ली’. इथं रागावू नको. ‘रामानं भाकर खाल्ली’ हे त्याच्याकडे आहेच, त्यातला ‘नं’ दाखव आणि ‘राम ने’वर आण, तिथून ‘मैंने’वर. कवी-कवि, शांती-शांति यांचं तसंच. संस्कृतातून आलेल्या अशा शब्दांत मराठीतला शेवटचा दीर्घ हिंदीत बऱ्याचदा ऱ्हस्व होतो, एवढा एक नियम पुष्कळ लाल रेघा वाचवतो. इंग्रजी सुरू झाली की हीच सवय पुढं ने. आपल्याला भूक ‘लागते’, इंग्रजीत माणूसच भुकेला ‘असतो’. हे एकदा शेजारी शेजारी ठेवून दाखव.

काही आईबाप येऊन म्हणतील, बाई, आम्ही घरीही हिंदीच बोलतो आता. त्यांना प्रेमानं सांग, आजीला मराठीतच गोष्टी सांगू द्या, हिंदी मी बघते. कोणी कायदा विचारला तर तोही माहीत असू दे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपला भाग नव्या मध्य प्रदेशात गेला. त्याआधी राजधानी नागपूर होती आणि राज्याचा कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चाले. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, अशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं ते सांगतं. २०२० चं शिक्षण धोरणही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतं. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या परिषदेत ठराव झाला तोही मातृभाषेतून शिकवण्याचाच.

आता जे मला नीट जमलं नाही ते सांगते. तुझ्या वर्गात गोंडी बोलणारं एखादं पोर मागच्या रांगेत गप्प बसलेलं असेल. मराठी-हिंदी सख्ख्या बहिणी आहेत, गोंडीचं कूळ तेलुगू-कन्नडचं. आपण मराठीचा आधार दिला तरी तो त्याच्या उपयोगाचा नाही. पाण्याला तो ‘येर’ म्हणतो. मला हे कळायला फार वर्षं लागली, कारण मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तू पहिल्याच आठवड्यात विचार. वीस शब्द त्याच्याकडून शीक, वर्गासमोर शीक.

माझी वही कपाटात वरच्या फळीवर आहे. शनिवारी येऊन घेऊन जा. त्यात गोंडीचं एकच पान आहे, ते तू वाढव.