गोल खाल्ला की दोष बचावफळीचाच?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा बचाव उत्तरार्धात कोलमडतो. बचावपटू बदलावेत का? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : एवढ्यात बदलू नका. गोल बचावपटूसमोर होतो, पण चूक बहुधा मधल्या फळीत झालेली असते. चेंडू गमावल्यावर आघाडीचे खेळाडू जागीच थांबतात, मधली फळी रमतगमत परतते आणि मध्ये मोकळे मैदान पडते. तिथे प्रतिस्पर्धी वळतो, मान वर करून पास देतो. अशा वेळी बचावपटू पुढे सरसावला तर पाठ उघडी पडते, मागे सरला तर शॉट मिळतो. पाय थकले की ही दरी वाढते.

बचावपटू संथ आहेत, हा आक्षेप काही अंशी खरा. पण पास देणाऱ्यावर दबाव असेल तर संथ खेळाडूही ऑफसाइडची रेषा सांभाळतो. नुसत्या गोलावरून निवाडाही करू नये. तुमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2022च्या सतरा वर्षांखालील महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोलंबियाने स्पेनला 82व्या मिनिटापर्यंत रोखले आणि स्वयंगोलने सामना गमावला. तो बचाव नापास कसा म्हणायचा? म्हणून सरावात चेंडू गमावताच अकराही जणांना परतायची सवय लावा.