माती ओली, तरी झाडाने मान टाकली?

कुंडीतली माती ओली असूनही मनी प्लांट कोमेजलेला दिसला, तर हातातलं पाणी खाली ठेवा. इथेच मोठी चूक होते. झाड तहानलंय असं समजून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. शेताला लागतो तसा वाफसा कुंडीलाही लागतो, म्हणजे मातीत ओल हवी आणि हवाही खेळती हवी. पावसाळ्याच्या ढगाळ, दमट दिवसांत कुंडी लवकर सुकत नाही. पाणी साचून मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोप्थोरा यांसारख्या मुळकुजीच्या रोगकारकांना वाट मोकळी होते. म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला.

शंका आली की झाड अलगद उपसून मुळं पाहा. निरोगी मूळ टणक असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत होतं. चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून हातात येते आणि दोऱ्यासारखा गाभा उरतो. स्नेक प्लांटचा कंद मुळातच नारिंगी असतो, तेव्हा रंगाला घाबरू नका, दाबून पाहा.

कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि निरोगी भाग लागेपर्यंत कुजकी मुळं छाटा. जीव तुटतो, पण हात आखडला तर कूज पुन्हा चढते. जुनी माती टाकून द्या, कुंडी धुऊन वाळवा. नव्या मातीत लावल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड (50 टक्के भुकटी) लिटरभर पाण्यात 2.5 ग्रॅम मिसळून आळवणी करा, हातमोजे घालूनच. तुळशीला मात्र हे औषध नको. तिची पानं आपण तोंडात टाकतो. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर या औषधासोबत देऊ नका. ती उपयोगी बुरशी आहे आणि तांब्याने तिलाच इजा होऊ शकते. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ती पाणी धरून बसते. लाल माती, गांडूळखत आणि जाड वाळू यांचं मिश्रण चांगलं. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका.

बुडखाच कुजला असेल तर शेंडा वाचवा. मनी प्लांटची डोळा असलेली फांदी पाण्यात मुळं धरते. स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडा दोन-तीन दिवस सावलीत सुकवून ओलसर वाळूत खोचा. पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून येणारी रोपं साधी हिरवी निघतात; काठ हवा असेल तर कंदाचाच एखादा टणक तुकडा शोधून लावा.