दारावरचे अद्भुत प्राणी

मंठ्याच्या शाळेतील एखाद्या मुलास ‘पोकेमॉन’ या जपानी खेळातील प्राण्यांची नावे विचारावीत. तो एका दमात पन्नास सांगेल. कोणाचे बळ कोणापुढे चालत नाही, हेही त्यास ठाऊक असते. मात्र जुन्या देवळाच्या उंबरठ्यावर कोरलेला, बटबटीत डोळ्यांचा व दात विचकलेला चेहरा कोणाचा, असे विचारताच तो गप्प होतो. पुष्कळ मोठी माणसेही गप्पच होतील.

तो चेहरा कीर्तिमुखाचा. पुराणातील कथा अशी : जालंधर दैत्याने राहूस शंकराकडे धाडून पार्वतीची मागणी केली. तेव्हा शंकराच्या भ्रुकुटीतून एक भुकेला, सिंहमुखी प्राणी प्रकट झाला आणि राहूवर धावून गेला. राहू शरण आला. त्यास अभय मिळाले. मग त्या भुकेल्याने खावे काय? “स्वतःचेच अंग खा,” अशी आज्ञा झाली. त्याने ती पाळली. अखेर केवळ मुख उरले. शंकराने प्रसन्न होऊन त्या मुखास आपल्या द्वारी कायमचे स्थान दिले.

गडांच्या दरवाजांवर शरभ भेटतो. पुराणांत तो अर्धा सिंह, अर्धा पक्षी. दगडात बहुधा सिंहाच्याच देहाचा. शिवनेरीवर तो आहे. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील शरभाने तर हत्ती पंजांत धरले आहेत, आणि ते हत्ती मांजराच्या पिलांएवढे दिसतात! नरसिंहास शांत करण्यासाठी शंकराने शरभरूप घेतले, असे शैव सांगत. त्यावर वैष्णवांनी शरभासही जिंकणारा दोन शिरांचा पक्षी, गंडभेरुंड, पुढे आणला. कोणाचा प्राणी अधिक बलवान, हा वाद असा जुना आहे.

जपानातील सातोशी ताजिरी यांस बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्यातूनच त्यांना या खेळाची कल्पना सुचली. १९९६ साली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १५१ प्राणी होते. पिकाचू हा विजेचा उंदीर. बल्बासॉरच्या पाठीवर कंद. कधी न पाहिलेला प्राणी घडवावयाचा, तर पाहिलेल्या वस्तूंचेच अवयव जुळवावे लागतात. पाथरवटानेही तेच केले होते.

खेळातील प्रत्येक प्राण्याची नोंद खेळातच सापडते. शरभ कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र बहुधा कोठेच नसते. कित्येक देवळांत कीर्तिमुखावर तैलरंगाचे थर चढले आहेत. डोळे बुजले आहेत. हात फिरविला, तर खालचे दात अद्यापि बोटांना लागतात.